भाकरी चिरते, त्यात हाताचा दोष कमी: ज्वारीच्या पिठाशी पहिली ओळख

ज्वारीची भाकरी नव्याने शिकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. थापताना कडा फाटतात, उचलताना मधोमध तुकडा पडतो, आणि मग "माझ्या हाताला सवय नाही" असं म्हणून माणूस पोळीकडे वळतो. लग्नानंतर वर्षभर मीही हेच म्हणत होते. एकदा सासूबाई आल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही, थेट डबा उघडला. चिमूटभर पीठ हुंगलं, बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, "अगं, याची विरी गेलीय. या पिठाची भाकरी मलाही जमायची नाही." पीठ पाकिटातलं होतं आणि ते फोडूनच महिना होऊन गेला होता.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, धरून राहण्याचा गुण. गव्हात ग्लुटेन असतं. पाणी घालून मळलं की त्याची रबरासारखी जाळी तयार होते, म्हणून पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथे सगळी भिस्त पिठाच्या ताजेपणावर, बारीक दळणावर आणि गरम पाण्यावर. या तीन गोष्टी सांभाळल्या की नवख्या हातानेही भाकरी होते, आणि यातली एक जरी हुकली तर मुरलेल्या हाताचीही चिरते. म्हणून शिकायला सुरुवात परातीपासून करू नका, दाण्यापासून करा.

दाणा आणि दळण

बाजारात ज्वारी दोन हंगामांची मिळते. खरिपाची ज्वारी तयार होताना पाऊस लागला तर दाण्यावर बुरशी धरते, दाणा काळवंडतो आणि भाकरीला करडा रंग व उग्र चव येते. रब्बीची ज्वारी, म्हणजेच शाळू, कोरड्या थंडीत भरते. तिचा दाणा टपोरा, पांढरा-पिवळसर आणि चकचकीत असतो. भाकरीसाठी शाळूच घ्या. दुकानदाराकडे "मालदांडी" मागितली तर त्याला कळेल. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ आज कितीतरी वर्षांनंतरही चवीला कसोटी मानली जाते. त्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच हे पीक निघतं. परभणी मोती, फुले वसुधा, फुले रेवती हे नंतरचे वाणही चांगले आहेत, पण किरकोळ दुकानात पोत्यावर वाणाचं नाव क्वचितच असतं. तेव्हा डोळे आणि नाक वापरा: मूठभर दाणे तळहातावर घ्या, काळे ठिपके किती ते बघा, कुबट वास येतो का ते बघा.

घरी आणल्यावर निवडून, एक दिवस कडक ऊन दाखवून दाणे डब्यात भरा. दाणे महिनोन्‌महिने टिकतात, पीठ टिकत नाही. कारण अख्ख्या दाण्याच्या पिठात कोंडा आणि अंकुर दोन्ही असतात. अंकुरात तेल असतं. दळलं की ते तेल हवेला उघडं पडतं आणि हळूहळू खवट होतं. मैदा वर्षभर टिकतो तो अंकुर काढून टाकल्यामुळे, त्याचा थोरपणा काही नाही.

म्हणून दोन माणसांच्या घराने एका वेळी किलोभरच दळून आणावं. गिरणीवाल्याला "बारीक, भाकरीचं" एवढं सांगितलं की पुरतं. पीठ गरम असताना झाकण लावू नका, आत वाफ धरते. ताटात पसरून निवू द्या आणि मग भरा. बाहेर आठ-दहा दिवस, पावसाळ्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये घट्ट डब्यात महिना निघतो, पण भाकरीसाठी काढाल तेव्हा आधी बाहेरच्या हवेला येऊ द्या.

पाकिटाचंच पीठ घ्यायची वेळ आली तर दळल्याची तारीख बघा, संपण्याची नव्हे. आणि घरी चिमूटभर चाखून बघा: ताजं पीठ गोडसर लागतं, जुनं जिभेच्या मागच्या बाजूला कडवट. चाळण्याबद्दलही एक शब्द. खडा, किडा दिसावा म्हणून चाळणं ठीक, पण बारीक चाळणीने कोंडा काढून फेकलात तर ज्यासाठी ज्वारी घेतली त्यातलं बरंचसं कचऱ्यात गेलं.

पहिली भाकरी: उकडीची

आजी-आत्या कोमट पाण्यात पीठ भिजवून सरळ थापतात. तुम्ही तिथून सुरू करू नका. पहिले दोन-तीन महिने उकड काढा. ज्वारीतला स्टार्च उकळत्या पाण्यात फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम काही अंशी तोच करतो. थोडं जुनं पीठही उकडीने सावरतं.

एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, जाड बुडाच्या पातेल्यात ठेवा. आधण आलं, म्हणजे पाणी खळखळ उकळायला लागलं, की गॅस अगदी बारीक करा आणि त्याच वाटीने सपाट एक वाटी पीठ एकदम ओता. उलथन्याच्या दांड्याने चार-पाच वेळा भराभर फिरवा. गुठळ्या दिसतील, दिसू द्या. गॅस बंद, झाकण घट्ट, दहा मिनिटं हात लावायचा नाही. नवखी माणसं इथेच झाकण उघडून डोकावतात आणि वाफ घालवतात.

मग सगळं परातीत काढा. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायला घ्या. बोटांनी नाही, तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने, परातीवर पुढे रगडत. पाच मिनिटं तरी रगडायचं. गोळा कोरडा वाटला तर वाटीत कोमट पाणी ठेवून पाण्याचा हात लावत जा, ओतू मात्र नका. मोदकाची उकड हाताला लागते तितकी मऊ झाली, दाबून पाहिलं तरी कडेला भेग दिसली नाही, म्हणजे झालं. एवढ्यात मध्यम आकाराच्या दोन भाकऱ्या होतात. प्रत्येक भाकरीच्या वेळी तिचा गोळा पुन्हा अर्धा मिनिट मळून घ्या. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन हमखास चिरतात.

थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरा. गोळा तळहातावर चपटा करून, कडा बोटांनी आत दाबत गोल करून खाली ठेवा. बोटं जुळवून, मधून कडेकडे, हलका दाब देत थापा. थापता थापता ती आपोआप फिरायला हवी. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. कडेला भेग दिसली तर तिथल्या तिथे ओल्या बोटाने चिमटून बुजवा. जमेना तर लाटण्याने लाटा, उकडीची लाटता येते. यात कमीपणा काही नाही, जरी आमच्याकडच्या बायका "लाटलेली ती भाकरी कसली" म्हणून नाक मुरडतात.

तवा लोखंडी किंवा बिडाचा हवा. नॉन-स्टिकचा एवढा तापवणं त्याच्या लेपाला सोसत नाही. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचून नाहीसा झाला पाहिजे. भाकरी उचलताना खालची पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाका. लगेच पाण्याचा हात वरून सगळीकडे फिरवा, कडेपर्यंत. हे पाणी दोन कामं करतं: वरचं कोरडं पीठ धुतं आणि तो थर सुकू देत नाही. आता लक्ष इथेच ठेवा. पाणी वरून नाहीसं झालं, पण भाकरी अजून ओलसर दिसते, त्या क्षणी उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर वर भेगा पडतात आणि मग फुगत नाही. दुसरी बाजू मध्यम आचेवर निवांत, तांबूस ठिपके येईपर्यंत भाजा. शेवटी तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा, किंवा तव्यावरच उलटून फडक्याने कडा हलक्या दाबा. पदर सुटतो आणि भाकरी टम्म होते. पहिल्या चार-पाच फुगणार नाहीत. न फुगलेली भाकरीही नीट भाजली असेल तर चवीला तीच असते, फक्त पापुद्रा काढून त्यात तूप घालायची मजा जाते.

काय चुकलं ते भाकरीच सांगते. थापतानाच चिरली तर पीठ जुनं किंवा पाणी कमी. तव्यावर पडल्यावर चिरली तर पाणी फिरवायला उशीर झाला किंवा तवा फार तापला. आतून कच्ची, गिचगिचीत लागली तर आच मोठी होती आणि घाई झाली. गार झाल्यावर कडक झाली तर मळणं कमी पडलं, किंवा फडक्यात न गुंडाळता उघडी ठेवली. सोलापूरकडे मुद्दाम पातळ करून वाळवलेली कडक भाकरी मिळते आणि ती महिनाभर टिकते, पण ती वेगळी विद्या.

पोषण: काय खरं, काय वाढवून सांगितलेलं

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून ज्वारीच्या नावाने बरंच काही ऐकू येतं. "गहू सोडा, ज्वारी धरा, सगळे आजार जातील" या थाटाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीमागे सुमारे ३३४ किलोकॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू, ४ मिलिग्रॅम लोह आणि २८ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. त्याच तक्त्यात गव्हाची कणीक बघा: प्रथिनं साडेदहा ग्रॅम, तंतू ११ ग्रॅमच्या वर, लोह ४ मिलिग्रॅम. म्हणजे कोंड्यासकट कणीक आणि ज्वारीचं पीठ जवळजवळ सारखेच. फरक दिसतो तो पांढऱ्या तांदळाशी ताडून पाहिल्यावर. त्यात तंतू ३ ग्रॅमच्याही आत आणि लोह १ मिलिग्रॅमही नाही. लोहच हवं तर बाजरी पुढे आहे, सुमारे साडेसहा मिलिग्रॅम. कॅल्शियम हवं तर नाचणीकडे जा, तिथे ३६० मिलिग्रॅमच्या वर आहे. ज्वारी या कोणत्याच शर्यतीत पहिली येत नाही. ती रोज खाता येते, पोटाला जड होत नाही आणि ग्लुटेन चालत नाही अशा माणसालाही चालते, एवढं तिचं मोठेपण मला पुरेसं वाटतं.

आता ताटाचा हिशेब. एका मध्यम भाकरीला साधारण ६५ ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे तूप न लावता सव्वादोनशेच्या आत किलोकॅलरी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू. पोळीपेक्षा भाकरी जाड असते हे विसरून "दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या" खाल्ल्या तर पोटात गेलेलं पीठ वाढलेलंच असतं. मधुमेह असलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. भाकरी म्हणजे औषध नव्हे, पिठूळच आहे. ती मोजूनच खायची, आणि गोळ्या-इन्सुलिनचे बदल डॉक्टरांना विचारूनच.

ज्वारीच्या प्रथिनांत एक उणीव आहे. लायसिन नावाचं अमिनो आम्ल त्यांत कमी असतं, आणि शिजवल्यावर ही प्रथिनं पचायला थोडी अवघडही होतात. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ-भाकरी, डाळकांदा-भाकरी या जोड्या कोणी तक्ता बघून लावल्या नव्हत्या, पण लागल्या त्या बरोबर. नुसता ठेचा आणि भाकरी मलाही जीव की प्राण, पण रोजचं जेवण तेवढ्यावर भागवू नये. दाण्यातलं लोह फायटेट नावाच्या घटकाने धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते सगळं अंगाला लागत नाही. जेवताना लिंबू पिळा, कच्चा कांदा-टोमॅटो घ्या, आणि चहा जेवणाला लागून पिऊ नका. पीठ ताकात आंबवलं तरी हे फायटेट कमी होतं.

सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते तो आजार, असलेल्यांसाठी दळणाची वेगळी सूचना आहे. ज्वारी ग्लुटेनमुक्त, गिरणी नव्हे. आधीच्या माणसाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते आणि पहिल्या किलोभरात कणीक उतरते. साध्या आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर याने बिघडत नाही. आजार असेल तर घरची छोटी चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.

आणखी एक, कारण हल्ली सगळ्यालाच मोड आणायची हौस आहे. ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नका. कोवळ्या कोंबात धुरिन नावाचा घटक असतो आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं ते यानेच. कोरड्या दाण्याच्या पिठात ही भीती नाही.

भाकरीपलीकडे

हात बसेपर्यंत पीठ डब्यात पडून राहू नये म्हणून सोपे प्रकार हाताशी ठेवा. सगळ्यात सोपी आंबील. तीन चमचे पीठ वाटीभर ताकात गुठळी न ठेवता कालवा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी अडीच वाट्या पाणी उकळून त्यात हे सोडा. सतत ढवळत सात-आठ मिनिटं, पीठाचा कच्चा वास जाऊन चकाकी येईपर्यंत शिजवा. मीठ, ठेचलेली लसूण, जिरं. उन्हाळ्यात गार करून, ताक वाढवून पातळ पिता येते. आजाऱ्याला, दात नसलेल्याला, आणि सकाळी घाईत असलेल्यालाही चालते.

धिरडी त्याहून चटकन होतात. तीन भाग ज्वारीला एक भाग बेसन, मीठ, तिखट, कोथिंबीर, आणि भज्याच्या पिठाहून बरंच पातळ पीठ. पंधरा मिनिटं भिजू द्या, नाहीतर रवाळ लागतं. तव्यावर मधून कडेकडे पसरू नका, फाटतं. कडेने ओतत मध्याकडे या आणि झाकण ठेवून वाफ द्या.

धपाट्यांसाठी दोन वाट्या ज्वारी, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन. लसूण-मिरची-जिरं वाटून, तीळ, ओवा, हळद, भरपूर कोथिंबीर, आणि असलंच तर आंबट दही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर पालथं घालायचं. मराठवाड्यात प्रवासाला निघताना डब्यात हेच असतं, कारण दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं. इथली कणीक ग्लुटेन टाळणाऱ्यांनी वगळावी आणि त्याऐवजी पीठ गरम पाण्याने भिजवावं. हेच वाटण घालून ज्वारी-बेसनाचा घट्ट गोळा मळला, बोटांएवढ्या वळकट्यांची कडी केली आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडली की शेंगोळे. पाणी खळखळत असतानाच सोडा, नाहीतर विरघळून पिठलं होईल. झालंच तर खाऊन टाका, वाईट लागत नाही.

खानदेशात ज्वारीसोबत अख्खे उडीद दळून आणतात, त्याला कळणा म्हणतात. किलोला पावशेर उडीद घातले तरी भाकरीला सुंदर चिकटपणा येतो आणि प्रथिनांची उणीवही भरते. उकड जमत नसेल त्यांनी कळण्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

नेहमीच्या पोळीच्या कणकेत तिसरा हिस्सा ज्वारी चालते, पोळी लाटता येते, जरा ठिसूळ होते इतकंच. केक-बिस्किटांत सगळा मैदा काढून ज्वारी घातलीत तर भुगा हाती येईल. पहिल्यांदा चौथा हिस्सा बदला. पूर्ण ज्वारीचाच हवा असेल तर अंडं, किंवा चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घाला, आणि मिश्रण अर्धा तास ठेवून मगच भट्टीत टाका.

लाह्या आणि हुरडा पिठाचे नाहीत, तरी नवख्यांचा घोळ होतो म्हणून सांगते: घरातली भाकरीची ज्वारी कढईत टाकून नागपंचमीच्या लाह्या नीट फुलत नाहीत. त्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले पंचमी हा वाण आहे, तसा हुरड्यासाठी फुले मधुर.

उरलेली भाकरी फेकू नका. सकाळी कुस्करून त्यावर ताक ओता, कांदा चिरून घाला, मीठ टाका आणि दहा मिनिटं भिजू द्या. किंवा कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याची फोडणी करून त्यात चुरा परता आणि पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. फोडणीसाठी भाकरी शिळीच हवी, ताजी कुस्करली तर लगदा होतो. आमच्याकडे म्हणूनच रात्री एक भाकरी जास्तीची थापली जाते.